आधी मार खायला शिका!

शीर्षक वाचून दचकू नका. हा लेख सबमिशन किंवा व्हायवाबद्दल नाही. (तिथे मार खायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, ते फर्स्ट इयरलाच आपोआप येतं!) हा लेख आहे कराटेबद्दल, आणि त्यातही कुमितेबद्दल. कुमिते म्हणजे जोडीदारासमोर उभं राहून खेळायची लढत. क्लासच्या भाषेत, 'फाईट'.

मराठी विभागासाठी लिहिशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये. आमच्याकडे मराठीच्या तासालासुद्धा 'मे आय कम इन' म्हणूनच वर्गात जायचं असायचं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या. मुद्दा मात्र माझा स्वतःचा आहे, आणि तो मी मार खाऊन मिळवलेला आहे.

मुद्दा असा. आपल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात कराटे शिकणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत. बेल्ट पुष्कळ आहेत. सर्टिफिकेटांच्या तर फायली भरल्यात. पण समोर माणूस उभा राहिला की ज्याचे पाय जमिनीला चिकटत नाहीत, असे फार थोडे. कारण कुमिते आपण सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी आणि बऱ्याचदा चुकीच्या पद्धतीने शिकतो. हे कुणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. पहिलं बोट माझ्याकडेच आहे.

मी पाचवीत कराटे लावलं ते पांढरा ड्रेस आवडला म्हणून. सकाळी सहाला मैदानावर क्लास. थंडीत अनवाणी पायाला मातीतले खडे असे टोचायचे की पहिली पाच मिनिटं आम्ही कराटे कमी आणि नाच जास्त करायचो. आधी उभं राहणं, मग पंच, किक, ब्लॉक, आणि मग काता. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, एकट्याने करायच्या हालचाली. समोर शत्रू आहे अशी कल्पना करून. हेइआन नावाचे पाच काते मी झोपेतून उठवलं तरी करून दाखवत असे. पाठांतर हा कॉन्व्हेंटच्या मुलांचा हातखंडा विषय! गॅदरिंगला आम्ही कौलं फोडली. टाळ्या पडल्या. आईने व्हिडिओ काढून सगळ्या मावश्यांना पाठवला. कौलाची एक चांगली सवय असते, आपण मारेपर्यंत ते जागेवर थांबून राहतं.

मग २०२० चं लॉकडाऊन आलं. क्लास बंद. मी गच्चीवर एकटीच काता करायची, मोबाईल कुंडीला टेकवून. जवळजवळ दोन वर्षं मी एकाही माणसासमोर उभी राहिले नाही. तरी पुढे बेल्ट मिळत गेले, कारण परीक्षेत काता होता, हवेतले पंच होते, आणि कुमितेच्या नावाखाली एक मिनिटाचं काहीतरी, ज्यात दोघींनाही पास व्हायचं असल्यामुळे कुणीच कुणाला हात लावत नव्हतं. कमरेला ब्राऊन बेल्ट आला. मला वाटलं, आपण तयार झालो.

२०२२ मध्ये लातूरला एका स्पर्धेत उतरले. समोरची मुलगी माझ्यापेक्षा बुटकी होती. बेल्ट मी बघितला नाही, कारण स्पर्धेत सगळ्यांचा लाल नाहीतर निळाच असतो. पंचांनी 'हाजिमे' म्हटलं, आणि त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी श्वास रोखून धरला होता आणि तिच्या हातांकडे बघत होते. डोक्याला दोन किक, प्रत्येकी तीन गुण. दोन पंच, प्रत्येकी एक. आठ-शून्य. कुमितेत आठ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. माझा एक मिनिटाच्या आत संपला. लागलं काही नाही, तिचा कंट्रोल उत्तम होता. पण सात वर्षांचं कराटे चाळीस-पन्नास सेकंदांत संपतं तेव्हा कसं वाटतं, हे सांगायला माझ्याकडे मराठीत शब्द नाहीत आणि इंग्रजीतही नाहीत.

इथपर्यंत मी बिचारी आहे. आता पुढचं.

परत आल्यावर मी ठरवलं की यापुढे फक्त फाईट करायची. क्लासमध्ये माझ्याशी खेळायला सातवीतली एक मुलगी यायची. हौशी, चपळ, मला 'दीदी, दीदी' करत मागे असायची. लातूरचा राग माझ्या हातात होता. ती हसत हसत पुढे आली, मी उलट्या हाताचा पंच मारला आणि थांबवला नाही. तिच्या नाकातून रक्त आलं. पांढऱ्या ड्रेसवर ते इतकं लाल दिसतं! सरांनी बर्फ लावला, तिच्या घरी फोन केला. मी 'सॉरी' म्हटलं. ती म्हणाली, "काही नाही दीदी." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

म्हणजे कुमिते न शिकल्याचे दोन परिणाम असतात. एक, आपल्याला मार बसतो. दुसरा, आपण चुकीच्या माणसाला मारतो. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. दुसऱ्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी असतात. तरुणपणी ते तालमीत जायचे. जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्त्या खेळलेले. सुट्टीत त्यांना मी सगळं सांगितलं, नाकाचंसुद्धा. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माय, तालमीत मोठा पैलवान ल्हानग्या पोराला लढत देतो. देतो म्हंजे काय? त्याला आपल्या अंगावर शिकू देतो. आपून चार येळा पडायचं, एक येळा पाडायचं. तुमच्याकडं असं न्हाई का?"

आमच्याकडे असं नव्हतं. आमच्याकडे सीनियर म्हणजे रांगेत पुढे उभा राहणारा. बास.

मी विचारलं, "आबा, समोरचा कधी येणार हे तुम्हाला कसं कळायचं?" ते म्हणाले, "खडाखडी कशाला असते मग? नुसतं हाताला हात लावायला? त्याचं वजन कुठल्या पायावर हाय ते बघायचं. वजन हाललं की डाव सुरू झाला. हात मागनं येतो."

इंजिनिअरिंगला आल्यावर मी याचं गणित मांडून बघितलं. हातात वही असली की आपल्याला जरा धीर येतो! समजा दोघींमध्ये एक मीटर अंतर आहे. कराटेतल्या चांगल्या पंचचा वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास जाऊ शकतो. सुरुवातीला हात हळू असतो, म्हणून आपण सरासरी पाच धरू. म्हणजे पंच पोचायला लागतात ०.२ सेकंद. आणि माणसाला डोळ्याने काही दिसल्यापासून हालचाल सुरू करायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे पंच निघालेला 'बघून' मी ब्लॉक करायला निघेन तेव्हा तो पोचलेला असेल. लातूरला मी हातांकडे बघत होते. हरणारच होते. त्यात माझ्या भित्रेपणापेक्षा भौतिकशास्त्राचा हात जास्त होता!

यातून बाहेर पडायचे मार्ग तीनच. एक, अंतर वाढवा. समोरच्याला नुसता हात लांबवून पोचता येणार नाही, एक पाऊल टाकावंच लागेल असं अंतर ठेवा. त्या पावलाला लागणारा वेळ तुमचा. जपानीत या अंतराच्या भानाला 'माआई' म्हणतात. दोन, हाताच्या आधी काय हलतं ते वाचा, म्हणजे खांदा, कंबर, पायावरचं वजन. आबांची खडाखडी ती हीच. तीन, आपले पर्याय कमी करा. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं होतं की निवडायचे पर्याय जसे वाढतात तसा प्रतिक्रियेला लागणारा वेळही वाढतो. डोक्यात वीस ब्लॉक घेऊन उभी राहिलेली मुलगी, दोनच गोष्टी पक्क्या येणाऱ्या मुलीपेक्षा सावकाश हलते. आमचं नेमकं उलटं चाललेलं असतं. नवा बेल्ट आला की नवा काता, नवी किक. सिलॅबस पूर्ण, पण प्रॉब्लेम एकही सुटत नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि यातली एकही गोष्ट एकट्याने शिकता येत नाही. आरशासमोर अंतर कळत नाही, कारण आरशातली मुलगी मी मागे गेले की मागेच जाते. वजन वाचायला समोर खरं वजन लागतं. मशीनचं ड्रॉइंग कितीही सुंदर काढलं तरी टेस्टिंगशिवाय ते मशीन चालतं असं आपण म्हणतो का? मग पंचला वेगळा नियम का?

इथे काही जण म्हणतील की कराटे ही कला आहे, खेळ नाही; काता हाच तिचा आत्मा. या म्हणण्याला इतिहासात आधार आहे. गिचिन फुनाकोशी हे ओकिनावाचे गुरू. १९२२ मध्ये ते टोकियोला गेले आणि त्यांनी मुख्य जपानमध्ये कराटे रुजवलं. त्यांच्या शिकवण्यात काता मुख्य होता, आणि मोकळ्या कुमितेबद्दल ते साशंक होते. त्यांच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना मात्र लढून बघायचं होतं. (विद्यार्थी सगळीकडे सारखेच!) फुनाकोशी १९५७ च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली, कुमितेसकट.

गुरूंची भीती खोटी नव्हती. पूर्ण ताकदीने डोळा, गळा, गुडघा यांवर मारायचं तंत्र एकमेकांवर रोज आजमावलं तर क्लासऐवजी दवाखाना उघडावा लागेल. म्हणून लढत शिकवणाऱ्या प्रत्येक पद्धतीने काही ना काही वजा केलं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान सुरू केलं आणि ज्यूदोच्या रोजच्या लढतीतून ठोसे-लाथा काढून टाकल्या. म्हणून बाकीचे डाव पूर्ण ताकदीने करता आले. क्योकुशिन कराटेवाल्यांनी ताकद ठेवली, पण स्पर्धेत तोंडावर ठोसा मारायला बंदी केली. आपण जे स्पर्धेचं कराटे खेळतो त्यात तोंडावर मारता येतं, पण कंट्रोल ठेवावा लागतो. आणि आपली कुस्ती? तिने तर ठोसा-लाथ पहिल्यापासूनच बाहेर ठेवली, म्हणून पैलवान रोज जोडीत घाम गाळतो आणि दुसऱ्या दिवशी परत तालमीत येतो. तेव्हा काहीतरी वजा करा आणि उरलेलं खरंखुरं आजमावा, ही सगळ्यांची रीत. आमच्याकडे मात्र आजमावणंच वजा झालंय.

कंट्रोल म्हणजे कमजोरी असं ज्यांना वाटतं त्यांनी टोकियो ऑलिम्पिक आठवावं. ऑलिम्पिकमध्ये कराटे आलं ते आजवर त्या एकदाच. पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं. टोकियोच्या खेळांचं नाव २०२०, पण ते झाले २०२१ मध्ये. ७ ऑगस्टला पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची फायनल होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याने इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्यावर किक मारली. सज्जाद बेशुद्ध पडला, त्याला स्ट्रेचरवर न्यावं लागलं. पंचांनी चर्चा केली आणि हमेदीला बाद ठरवलं, कारण फटक्यात कंट्रोल नव्हता. सज्जाद शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की आपण सुवर्णपदक जिंकलोय! त्या निर्णयावर जगभर वाद झाला. किकबॉक्सिंगमध्ये हाच फटका विजयाचा ठरला असता. पण कराटेने स्वतःला एक अट घालून घेतली आहे: इतका जवळ ये की मारू शकशील, आणि तरी जोडीदार शाबूत ठेव. मी तो सामना तेव्हा मोबाईलवर बघितला होता, आणि हमेदीवर अन्याय झाला असं छातीठोकपणे म्हटलं होतं. त्या मुलीच्या नाकानंतर माझं मत बदललं.

मग सुधारायचं कसं? मी काही मोठी खेळाडू नाही. पण गेली तीन वर्षं आम्ही चार-पाच जणी सरांच्या परवानगीने, क्लास संपल्यावर अर्धा तास थांबतो. त्यातून जे उपयोगी पडलं ते सांगते.

पहिलं म्हणजे हळू खेळणं. अगदी तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने. गुण मोजायचे नाहीत, कोण जिंकलं विचारायचं नाही. वेग कमी असला की भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की डोळे उघडे राहतात. पंच येताना डोळे मिटणं ही माझी सगळ्यात जुनी सवय होती. ती मोडायला मला चार महिने लागले. आधी मार खायला शिका म्हणते ते याच अर्थाने. हलका पंच पोटावर, खांद्यावर, गार्डवर घ्यायचा, डोळे उघडे ठेवायचे आणि श्वास सोडायचा. डोक्यावर मार खाण्यात मात्र काहीही शूरपणा नाही. तो टाळायलाच तर शिकायचंय.

दुसरं, बंधनं घालून खेळणं. दोन मिनिटं एकीने फक्त पुढच्या हाताचा पंच मारायचा, दुसरीने हात न वापरता नुसतं पायांनी वाचायचं. मग उलट. ऐकायला सोपं वाटतं. दोन मिनिटं सलग करून बघा! कॅडेट आणि ज्युनिअरचा सामना दोन मिनिटांचा, सीनियरचा तीन मिनिटांचा. त्या सगळ्या वेळात सलग हलण्याइतका दमच आमच्यात नव्हता, कारण काता मिनिट-दीड मिनिटात संपतो.

तिसरं, जोडीदार बदलणं. रोज एकाच मैत्रिणीशी खेळलं की आपण कुमिते नाही, ती मैत्रीण शिकतो. उंच, बुटकी, डावखुरी, मुलगा, मुलगी, सगळ्यांशी खेळा. मुलांशी कशाला, असं घरून विचारतात. माझं उत्तर असतं, रस्त्यावर त्रास देणारा काय वजनगट बघून येतो का? फक्त क्लासमधल्या मुलांनीही एक करावं. 'पोरगी आहे' म्हणून हवेत पंच मारू नये, आणि 'पोरीकडून हरलो' म्हणून चिडूही नये.

चौथं, थांबवायला शिकणं. आम्ही दोरीवर वर्तमानपत्राचा कागद टांगतो आणि पूर्ण वेगाने पंच मारून तो फक्त हलवायचा, फाडायचा नाही. आधी महिनाभर नुसता रद्दीचा ढीग झाला. आता जमतं. हात कुठे थांबणार हे ज्याला माहीत असतं, त्यालाच तो कुठे पोचणार हेही माहीत असतं.

पाचवं, आबांचा नियम. लहानाशी खेळताना वेग तो ठरवणार. त्याला यश मिळू द्यायचं, पण फुकट नाही. अंतर बरोबर घेतलं तरच. आणि नियम तोडणारा सीनियर त्या दिवशी बाहेर बसणार. मी दोनदा बसले आहे.

सहावं, ग्लोव्हज आणि माऊथगार्डशिवाय फाईट नाही. चुकून डोक्याला जोरात लागलं, गरगरलं, मळमळलं, तर त्या दिवसाचा खेळ बंद आणि सरळ डॉक्टर. 'काही नाही दीदी' हे उत्तर चालणार नाही.

आता आक्षेप. पालक म्हणतात, लागेल. लागेल थोडं, खरंय. पण कुमिते बंद ठेवल्याने लागायचं थांबत नाही, ते स्पर्धेच्या दिवसापर्यंत पुढे ढकललं जातं, आणि त्या दिवशी कुणी हळू मारत नाही. दुसरा आक्षेप, क्लास चालवणाऱ्यांना मुलं टिकवायची असतात, बेल्ट दिला नाही तर मुलं जातात. हेही खरं. धाराशिवात क्लासची फी देणं कितीतरी घरांना जड जातं, आणि फी दिल्यावर काहीतरी हातात यावं असं वाटणारच. त्यात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. कागदाला किंमत आली की कागदाचं पीक येतं. दुष्काळी जिल्ह्यात निदान तेवढं तरी येतं! पण मित्रांनो, सर्टिफिकेट दुसऱ्याला फसवतं ते ठीक, ते आपल्यालाही फसवतं हा खरा धोका आहे. ब्राऊन बेल्टने मला सांगितलं होतं, 'तुला येतं.' म्हणून मी तीन साधे प्रश्नही विचारले नाहीत.

हा धोका मुलींच्या बाबतीत जास्त. शाळांमधून मुलींना तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण देतात, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने सरकारी योजनाच आहे. चांगली गोष्ट आहे. पण तीन महिने रांगेत हवेत पंच मारून एखाद्या मुलीला वाटलं की आता मी कुणालाही भारी पडेन, तर आपण तिला हत्यार नाही, भ्रम दिला. त्यापेक्षा तिला दहा दिवस जोडीत खेळू द्या. कुणी अंगावर आलं की छातीत काय होतं, आवाज कसा बसतो, पाय कसे अडकतात, हे तिला सुरक्षित जागी एकदा कळू द्या. खरं सांगू? मी रस्त्यावर कराटे आजवर वापरलेलं नाही आणि वापरायची वेळ येऊ नये. कुमितेने मला मारामारी शिकवली असं मी म्हणणार नाही. अंतर ठेवणं, श्वास चालू ठेवणं आणि वेळेवर ओरडणं, एवढं शिकवलं. बसस्टँडवर तेवढं पुष्कळ कामाला येतं.

माझी मागणी फार मोठी नाही. यलो बेल्टपासून प्रत्येक क्लासमध्ये पंधरा मिनिटं जोडीतली हळू कुमिते असावी. आणि बेल्टच्या परीक्षेत काताबरोबर तीन वेगवेगळ्या जोडीदारांशी लढत असावी, जिंकण्यासाठी नाही, हलता येतं का आणि थांबवता येतं का एवढं बघायला. आपल्या कॉलेजच्या जिमखान्यातही हे सुरू करता येईल. दोरी, जुनी वर्तमानपत्रं आणि चार मॅट लागतील. वर्तमानपत्रं मी आणते!

शेवटी त्या मुलीबद्दल. बरेच दिवस मला तिच्या घरी जायचा धीर झाला नाही. लातूरपेक्षा ते अवघड होतं. सहा महिन्यांनी गेले. तिच्या आईने चहा केला, नाकाचा विषयही काढला नाही, त्यामुळे मलाच काढावा लागला. मी माफी मागितली आणि परत ये म्हटलं. ती म्हणाली, "नको दीदी, मी आता खो-खोला जाते."

खो-खो म्हणजे आपल्या जिल्ह्याचा अभिमान. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. या मुलीला आपण अडवायचं कशाला? पण मी तिचा सराव बघायला गेले. मैदानाच्या कडेला बसून बघत राहिले. ती पळतीवर होती. बसलेल्या मुलींमधून एकेरी साखळी खेळत चाललेली. मागची मुलगी हाताच्या अंतरावर आली की ही खांदा एकीकडे टाकायची आणि अंग दुसरीकडे काढायची. पाठलाग करणारीला दिशा बदलता येत नाही, आणि हिला ते पक्कं ठाऊक. अंतर, वजन, हूल. जे मी वही घेऊन शिकले ते ती हसत करत होती. आणि अशी मुलगी माझ्याशी कुमिते खेळायला रोज पुढे येत होती, तेव्हा मी तिच्याकडून काही शिकायच्या ऐवजी तिच्यावर राग काढला होता.

ती आमच्या क्लासला परत आली नाही. पण रविवारी मी आणि माझ्या दोन मैत्रिणी त्यांच्या मैदानावर जातो. त्या आम्हाला पळवतात. मी आजवर तिला एकदाही बाद करू शकले नाही.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल